सांगायचं नाही, वाजवायचं

वाराणसीहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सात नागपूर, हैदराबाद करत देवनहळ्ळीवरून बंगळुरात शिरायचा आणि तसाच खाली कन्याकुमारीला जायचा. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले. नागपूरपासून खालचा हा सगळा रस्ता आता चव्वेचाळीस क्रमांकाचा आहे आणि जुना सात एका संगीत महोत्सवाच्या नावात तेवढा उरलाय. ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ २०१० मध्ये पुण्यात सुरू झाला. पुढे तो बंगळुरात आला तेव्हा याच रस्त्यालगत, विमानतळाकडे येताना लागणाऱ्या घोडेस्वारीच्या शाळेच्या मैदानावर भरला. इंदिरानगर-कोरमंगलातून येणाऱ्या पोरांना तो गावाबाहेरचा माळ. आम्हा देवनहळ्ळीकडच्यांना मात्र तिथूनच शहर सुरू होतं.

बंगळुरात बँड काढणाऱ्याला सुरांच्या आधी भाषेचा प्रश्न पडतो. ‘थर्मल अँड अ क्वार्टर’नं १९९६ पासून इंग्रजी धरली. नाशकात जन्मलेल्या आणि म्हैसुरात वाढलेल्या रघु दीक्षितांनी शिशुनाळ शरीफांची कन्नड पदं गिटारवर आणली. ‘अन्टिल वी लास्ट’ या इथल्याच बँडनं, ज्यात केतन बहिरट गिटार वाजवत, हा प्रश्न सरळ बाजूला ठेवला आणि वाद्यांवरच भागवलं. ज्या गावात घरात मराठी, दुकानात कन्नड, भाजीवालीशी तेलुगू आणि ऑफिसात इंग्रजी चालते, तिथे ही सोय फार मोठी आहे. पण ती सोयच आहे, आणि सोयीतून निघालेली गोष्ट कला ठरायला आणखी काहीतरी लागतं.

‘अन्टिल वी लास्ट’ वाजवत त्या प्रकाराला पोस्ट-रॉक म्हणतात. इंग्रज समीक्षक सायमन रेनॉल्ड्स यांनी १९९४ मध्ये हे नाव रूढ केलं: वाद्यं रॉकचीच घ्यायची, पण त्यांच्याकडून रॉकची कामं करून घ्यायची नाहीत. ज्यांना हे लेबल सर्वांत घट्ट चिकटलं त्यांना ते कधीच आवडलं नाही. ते ग्लासगोचे ‘मॉग्वाय’. त्यांच्याविषयी लिहिताना ‘शब्द नसलेला बँड’ अशी सुरुवात सगळेच करतात. मला ती ओळख अपुरी वाटते. शब्द गाळणारे पुष्कळ आहेत. मॉग्वायनं शब्दांबरोबर ‘सांगणं’ही गाळलं, आणि हे दुसरं किती अवघड आहे ते आपल्याच परंपरेकडे पाहिलं की कळतं.

आपल्याकडे वाद्यसंगीताची वाण नाही. पण ते ऐकताना आपला कान गळा शोधत असतो. ‘अगदी गायल्यासारखं वाजवलं’ याहून मोठी दाद आपण सतारीला किंवा व्हायोलिनला देत नाही. विलायत खाँसाहेबांच्या गायकी अंगाचं कौतुक त्याच जातीचं. एनॉक डॅनियल्सांचं अ‍ॅकॉर्डियन आणि हजारा सिंगांची इलेक्ट्रिक गिटार यांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या, तेव्हा वाद्य नुसती चाल वाजवायचं आणि शैलेंद्र किंवा साहिर ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप सुरू व्हायचे. वाद्याचं काम गायक येईपर्यंत त्याची खुर्ची धरून ठेवण्याचं.

या बाबतीत ‘कॉल ऑफ द व्हॅली’चं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १९६७ सालची ही तबकडी: शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. निर्मिती एचएमव्हीचे जी. एन. जोशी यांची, म्हणजे ज्यांच्या ‘रानारानांत गेली बाई शीळ’पासून मराठी भावगीताचा इतिहास सांगायला सुरुवात होते त्याच जोशींची. शब्दांवर जीव असलेल्या माणसानं गायनाविना तबकडी काढली, ही मोठीच गोष्ट. पण गोष्टीशिवाय काढली नाही. काश्मीरच्या धनगराचा एक दिवस, पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत, असा धागा श्रोत्याच्या हातात दिला. तबकडी अप्रतिम आहे, यात वाद नाही. मात्र धनगर काढून घेतला तरी अहिरभैरवाचं काही बिघडत नाही. मग तो धनगर कोणासाठी? ऐकणाऱ्याला धीर यावा म्हणून. आपण हरवणार नाही, पुढे काय येणार ते माहीत आहे, असा तो धीर.

किशोरीताई आमोणकरांना शब्दांचा अडसर वाटायचा, हे सर्वश्रुत आहे. पण त्यांच्या विचारात स्वर स्वतःच भाव सांगतो, रसापर्यंत नेतो. तिथे सांगणं संपत नाही, उलट अधिक शुद्ध होतं. मॉग्वायची जात वेगळी. ते रसाचीही हमी देत नाहीत.

स्टुअर्ट ब्रेथवेट, डॉमिनिक एचिसन आणि मार्टिन बुलॉक यांनी १९९५ साली बँड काढला. जॉन कमिंग्ज त्याच वर्षी आले, बॅरी बर्न्स १९९८ मध्ये. नाव ‘ग्रेमलिन्स’ या चित्रपटातल्या केसाळ प्राण्याचं, पुढे चांगलं सुचलं की बदलू म्हणून तात्पुरतं ठेवलेलं. ते काही बदललं नाही. १९९६ ची पहिली तबकडी, ‘ट्यूनर’ आणि ‘लोअर’, त्यांनी स्वतःच्याच ‘रॉक अ‍ॅक्शन’ नावाच्या कंपनीतून काढली. रचनांची नावं तेव्हापासून आजवर बहुतेक थट्टेची. २००८ च्या ‘द हॉक इज हाउलिंग’ या पूर्णपणे गायनविरहित संग्रहाची सुरुवात ज्या संथ, जड पियानोच्या रचनेनं होते तिचं नाव ‘आय अ‍ॅम जिम मॉरिसन, आय अ‍ॅम डेड’. पुढे ‘द सन स्मेल्स टू लाउड’ आहे. २०११ च्या संग्रहाचं नाव ‘हार्डकोअर विल नेव्हर डाय, बट यू विल’. वय कमी म्हणून दारू नाकारणाऱ्या दुकानदाराला कोण्या पोरानं दिलेला हा शाप. त्यांच्या जागी दुसऱ्या कोणी त्या पियानोला ‘विरह’ किंवा ‘हिमपात’ म्हटलं असतं आणि आपण विरह ऐकला असता. नाव ही श्रोत्याच्या कानात फुंकलेली सूचना असते. मॉग्वाय ती सूचना मुद्दाम नासवतात. यात पोरकटपणा आहे, आणि तो त्यांनी लपवलाही नाही: १९९९ मध्ये त्यांनी ‘ब्लर’ या इंग्लिश बँडची टर उडवणारे टी-शर्ट छापून विकले होते. पण हा पोरकटपणा उपयोगी आहे. गंभीर संगीताला गंभीर नाव देण्यात जो दांभिकपणा शिरतो त्याला तो दारातच अडवतो.

पहिला पूर्ण संग्रह ‘यंग टीम’, १९९७. ‘केमिकल अंडरग्राउंड’ या ग्लासगोच्याच कंपनीनं तो काढला. ध्वनिमुद्रण पॉल सॅव्हेज यांनी शेजारच्या हॅमिल्टनमध्ये केलं. त्यातली ‘लाइक हेरड’ ही अकरा मिनिटांवरची रचना या बँडची गुरुकिल्ली आहे. सुरुवातीला फक्त बास आणि गिटारचे पुटपुटल्यासारखे स्वर. ते इतके हळू की आपण नकळत आवाज वाढवतो. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास कुठलीही पूर्वसूचना न देता सगळी वाद्यं एकदम कोसळतात. हेडफोनवर पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास दचकतो, आणि दुसऱ्यांदा ऐकताना त्या हळू भागालाच घाबरतो. शांततेचा अर्थ बदललेला असतो.

आवाजाविषयी मराठी माणसाला वेगळं शिकवायला नको. विसर्जनाच्या रात्री छातीत घुसणाऱ्या भिंती आपण सोसल्यात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, दहानंतर ध्वनिक्षेपक बंद केले. त्या मर्यादांचं काय होतं तेही आपण जाणतो. मॉग्वायचे कार्यक्रम याच नियमांत बसवायचे तर निम्मे तुकडे कापावे लागतील. तरी दोन्ही गोंगाट सारखे नाहीत. डीजेच्या भिंतीला हळू आवाज माहीतच नसतो. पहिल्या क्षणी जेवढा दाब तेवढाच शेवटी, त्यामुळे पाचव्या मिनिटाला कान तो ऐकणं सोडतात आणि शरीर फक्त सहन करतं. मॉग्वायच्या ‘मॉग्वाय फिअर सेटन’ या रचनेच्या सोळा मिनिटांत आवाज चढतो, ओसरतो, मध्येच बासरीची एक ओळ उगवते, परत लाट येते. प्रत्येक उंचीला आधीच्या खोलीचं माप असतं. आलाप-जोड-झाल्यावर वाढलेल्या कानाला हे अनोळखी नाही. फरक एवढाच की झाल्याकडे आपण लयीच्या पायऱ्यांनी चढतो; इथे पायऱ्या कधी असतात, कधी नसतात.

हाच सूत्रपाठ जगभरच्या शेकडो बँडनी गिरवला: हळू सुरुवात, चढत जाणारी गिटार, शेवटी गडगडाट. त्याचा साचा झाला, मग साच्याचा माल झाला. आज कुठल्याही कंपनीच्या ‘आमचा प्रवास’ छापाच्या चित्रफितीखाली, खेळाडूच्या निवृत्तीच्या क्षणचित्रांखाली तीच चढण वाजते. कधी भरून यायचं ते बिनचूक सांगते. म्हणजे शब्द नसूनही हे संगीत श्रोत्याला रडायची वेळ नेमून देतं. शब्द गाळणं पुरेसं नाही म्हणतो ते यासाठी.

मॉग्वाय स्वतः त्या साच्यातून फार लवकर बाहेर पडले. १९९९ चा ‘कम ऑन डाय यंग’ न्यूयॉर्क राज्यातल्या आडगावी, निर्माते डेव्ह फ्रिडमन यांच्याकडे ध्वनिमुद्रित झाला. स्फोटाची वाट बघणाऱ्यांची तो पार निराशा करतो: जवळजवळ तासभर संथ, कोरडं, थंड वाजवणं, आणि गडगडाट अगदी शेवटाकडे. मला त्यांचं सर्वांत धाडसी काम हेच वाटतं, ‘यंग टीम’ नव्हे. २००१ च्या ‘रॉक अ‍ॅक्शन’ या संग्रहात तर गायनाला आधीपेक्षा जास्त जागा मिळाली. गायक ग्रफ रीस एक गाणं वेल्श भाषेत गातात, जी बहुतेक स्कॉटिश श्रोत्यांनाही आपल्याइतकीच कळत असणार. त्याच वर्षी स्टीव्ह अल्बिनी यांनी मुद्रित केलेली ‘माय फादर माय किंग’ ही वीस मिनिटांची रचना आली. तिची चाल एका ज्यू प्रार्थनेची. शब्द काढून चाल ठेवली, म्हणजे आपल्या डॅनियल्सांनी केलं तेच, पण इथे प्रार्थना हळूहळू गिटारच्या कर्कश गोंधळात विरघळून जाते आणि गायकाची खुर्ची शेवटी जागेवर राहत नाही.

मग यांचं संगीत चित्रपटांना इतकं कसं मानवलं? चित्रपट तर सांगतातच. फुटबॉलपटू झिदानवरच्या २००६ च्या माहितीपटात सतरा कॅमेरे एका सामन्यात, रेआल माद्रिद विरुद्ध विल्यारेआल, फक्त एका खेळाडूचा पाठलाग करतात. तो बराच वेळ नुसता चालतो, थुंकतो, उभा राहतो. शेवटी लाल कार्ड घेऊन बाहेर जातो. मॉग्वायचं संगीत त्याला वीर ठरवत नाही आणि त्याची कीवही करत नाही. ‘ले रेव्हनां’ या फ्रेंच मालिकेत डोंगराळ गावातली मेलेली माणसं काही घडलंच नाही अशा थाटात घरी परततात. तिथे क्रम उलटा होता. चित्रीकरणाआधी, संहितेच्या काही भागावरूनच, संगीत तयार झालं आणि ते सेटवर वाजवून दृश्यं घेतली गेली. अर्थ नेमून न दिलेल्या सुरांना चित्रांनी आपला अर्थ दिला. मार्क कझिन्स यांच्या अणुयुगावरच्या २०१५ च्या चित्रपटासाठी केलेलं ‘अ‍ॅटॉमिक’ मात्र अपवाद आहे. तिथल्या काही नावांत थट्टा नाही, ती सरळ विषय सांगतात: ‘लिटल बॉय’, ‘फॅट मॅन’. हिरोशिमा आणि नागासाकीवरच्या बाँबची ती खरी नावं. थट्टा आधीच दुसऱ्या कोणी करून ठेवली होती.

इतकी वर्षं टिकण्यामागे तत्त्वांइतकाच व्यवहार आहे, हे आमच्याकडच्या बँडनी पाहण्याजोगं आहे. ‘रॉक अ‍ॅक्शन’ कंपनी पुढे इतरांचीही ध्वनिमुद्रणं काढू लागली, ग्लासगोत त्यांचा स्वतःचा स्टुडिओ आहे, मालिका-चित्रपटांची कामं येत राहतात. २०१५ मध्ये कमिंग्ज बाहेर पडले, बाकी चौघे तेच. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी सराव करणाऱ्या बंगळुरी बँडला यातलं काहीच सहज मिळत नाही, आणि पहिल्या संग्रहानंतर शांतता पसरते तिचं कारण बहुतेक वेळा घरभाडं असतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘अ‍ॅज द लव्ह कंटिन्यूज’ ब्रिटनच्या संग्रहांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. पहिल्या तबकडीनंतर पंचवीस वर्षांनी, आणि साथीच्या दिवसांत, फ्रिडमन समुद्रापलीकडून पडद्यावर बसलेले असताना केलेलं काम. त्यातली सर्वांत जास्त ऐकली गेलेली रचना ‘रिची सॅक्रामेंटो’. माझ्या सगळ्या म्हणण्याला अडचणीची, कारण तिच्यात ब्रेथवेट स्पष्ट शब्दांत गातात, आणि गातात ते गेलेल्या संगीतकार मित्रांविषयी. पहिल्याच ओळीमागे अमेरिकन कवी-गायक डेव्हिड बर्मन यांची आठवण आहे. अशा वेळी त्यांनाही शब्द लागले, हे मी नाकारत नाही. नाव मात्र त्यांनी या शोकगीतालाही कुठून दिलं, तर र्‍युइची साकामोतो या जपानी संगीतकाराचं नाव एका मित्रानं चुकीचं उच्चारलं, तिथून.