गारठा आणि गुन्हा

सौंदर्य गुन्हेगाराच्या हातून आले तर ते स्वीकारावे की नाकारावे? सवाल जुना आहे. त्याचा कस पाहणारी एक कलाकृती नॉर्वेत जन्मली. 'मेहेम' या बँडची 'डे मिस्टेरीस डोम सातानास' ही ध्वनिमुद्रिका १९९४ साली निघाली आणि ब्लॅक मेटल या कर्कश संगीतप्रकारात ती अभिजात मानली जाते. नावातच सैतान आहे, म्हणून आमच्यातले पुष्कळजण तिला दुरूनच 'तौबा' म्हणतील. आम्ही ती ऐकली आहे आणि तिची ताकद मान्य करूनच पुढचे लिहीत आहोत.

ही ताकद तिच्या गारठ्यात आहे. गिटारच्या तारेवर एकेक सूर इतक्या वेगाने छेडायचा की सुटे आघात कळूच नयेत, धुक्याचा पडदा हलतो आहे असे वाटावे. चाली उदास, ढोलांमागे मोठ्या रिकाम्या दालनाचा घुमारा, आणि हंगेरीच्या आटिला चिहार या गायकाचा थडग्यातून आल्यासारखा आवाज. 'फ्रीझिंग मून' ऐकताना मे महिन्याच्या उकाड्यातही अंगावर काटा येतो. गंमत अशी की ती जिथे ध्वनिमुद्रित झाली ते बर्गन शहर बर्फापेक्षा पावसासाठीच प्रसिद्ध आहे. संगीतकार एडवर्ड ग्रीग यांच्या नावाने उभ्या असलेल्या ग्रीगहालेन या वास्तूत हे काम झाले. म्हणजे हा गारठा हवेतून उतरलेला नाही. तो कसबाने घडवलेला आहे.

आता दुसरी बाजू. यातली बरीचशी गीते ज्याने लिहिली त्या तरुण गायकाने १९९१ मध्ये आत्महत्या केली. १९९२ पासून नॉर्वेत चर्चना आगी लागू लागल्या. बर्गनजवळचे फान्टोफ्टचे शेकडो वर्षांचे लाकडी चर्च त्याच साली जळाले. १० ऑगस्ट १९९३ रोजी गिटारवादक ओइस्टाइन ऑर्सेत, म्हणजे यूरोनिमस, याचा ऑस्लोत भोसकून खून झाला. खुनी होता वार्ग विकर्नेस, ज्याने याच ध्वनिमुद्रिकेत बास गिटार वाजवली आहे. १९९४ मध्ये खून आणि चर्च जाळण्याच्या गुन्ह्यांसाठी त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. २००९ मध्ये तो सुटला.

तेव्हा आपण जे ऐकतो त्यात मारणारा आणि मेलेला एकाच तालावर वाजवत आहेत. मुलाच्या आईवडिलांनी खुन्याचे वादन काढून टाकावे अशी विनंती केली होती. ढोलवादक हेलहॅमरने ते पुन्हा वाजवले जाईल असे सांगितले, पण प्रत्यक्षात काहीच बदलले नाही.

यावर दोन सोपी उत्तरे मिळतात. एक म्हणते, कला वेगळी, कलावंत वेगळा. पण ज्यांच्या पोटचा मुलगा गेला त्यांना हे तोंडावर सांगता येईल का? आमच्या मते त्या आईवडिलांचा हक्क कुठल्याही रसिकाच्या हौसेपेक्षा मोठा होता आणि तो डावलला गेला. दुसरे उत्तर म्हणते, असली ध्वनिमुद्रिका फोडून टाका. पण मग त्यावर राबलेल्या इतरांचे काय? मारल्या गेलेल्या माणसाचे वादनही त्यातच आहे. खुन्याला शिक्षा देताना आपण मयताचाही आवाज बंद करू.

काहीजण आणखी पुढे जातात. म्हणतात, एवढी क्रूरता जगली नसती तर एवढा गारठा साधलाच नसता. हे आम्हाला अजिबात पटत नाही. त्याच बर्गनच्या 'इमॉर्टल' या बँडने १९९९ मध्ये 'ॲट द हार्ट ऑफ विंटर' काढली. स्वतः कल्पिलेल्या हिमप्रदेशाची ती गाणी आहेत. त्यातली थंडी काही कमी नाही, आणि तिच्यासाठी कुणाच्या इबादतगाहला काडी लावावी लागली नाही. गारठा बोटांतून येतो. गुन्ह्याने त्यात एका सुराचीही भर पडत नाही.

म्हणून आम्ही 'ऐकावे की नाही' यापेक्षा 'कसे ऐकावे' असे विचारतो. कलेतला गारठा माणसाला स्वतःच्या उबेची किंमत शिकवतो. काळजातला गारठा ती ऊबच विझवतो. दोन्हींना एकच नाव असले तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या तरुणांनी नेमकी इथेच गल्लत केली. ऐकणाऱ्यानेही तीच करू नये. ज्या घटकेला खुनाच्या कहाणीमुळे गाणे अधिक रंगतदार वाटू लागते, जळलेले चर्च शोभेची चौकट होते, त्या घटकेला रसिकता संपते आणि गुन्ह्यात आपलीही भागी सुरू होते. सुरांना दाद जरूर द्यावी. त्या दादेतला एक पैसाही खंजिराच्या नावे जमा होऊ देऊ नये, एवढी राखण आपल्या जमीरने करायची आहे.