बापाने कोणती भाषा निवडावी?

झेडी स्मिथ यांच्या ‘व्हाइट टीथ’ (2000) या कादंबरीतला समद इक्बाल बांगलादेशातून लंडनला आलेला आहे. तो हॉटेलात वेटर आहे. आपली मुले इंग्रजांसारखी होतील, या धास्तीने तो जुळ्या मुलांपैकी माजिदला मायदेशी धाडतो. दोघांना पाठवायला पैसे नसतात आणि बायकोला तो विचारतही नाही. पुढे माजिद परततो तो पक्का साहेब होऊन. लंडनमध्येच वाढलेला मिलात मात्र कट्टर धार्मिक गटात शिरतो.

नंदुरबारमध्ये बसून हे वाचताना समदचे हसू येते, पण फार वेळ टिकत नाही. आमच्याकडे धडगावच्या बाजूला याच्या अगदी उलट करणारे बाप आहेत. घरात पावरी असते, तरी पोरांशी ते जमेल तशी मराठीच बोलतात. समदला मूळ तुटण्याची भीती आहे, यांना मूळ दिसण्याची. वर्गात पोराला हसतील, कचेरीत कुणी उभे करणार नाही, हे त्यांनी स्वतः सोसलेले असते.

मुलाची ओळख बापाने ठरवावी का? ‘मुलालाच ठरवू द्या’, असे आपण चटकन म्हणतो. पण दोन्ही पारड्यांत सारखे वजन असेल, तरच त्याला निवड म्हणता येईल. 2011च्या जनगणनेत भिली गटातल्या भाषा बोलणारे 1 कोटीहून अधिक होते आणि पावरीही त्यातच मोजली जाते. तरी भिली आठव्या अनुसूचीत नाही. 24,821 जणांची मातृभाषा असलेली संस्कृत आहे. नंदुरबार जिल्ह्यात सुमारे 69 टक्के लोक आदिवासी आहेत, पण कामकाज मराठीत चालते. धडगावच्या बापाचा हिशेब बरोबरच आहे. त्याला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही.

मग जबाबदारी कुणाची? माझ्यासारख्यांची, ज्यांना घरची भाषा उंबऱ्याआत ठेवून बाहेर पडावे लागले नाही. ‘आदिवासींनी आपली संस्कृती जपावी’ असे भाषणात सांगायला आम्हाला काहीच मोजावे लागत नाही. जपण्याची किंमत त्यांची पोरे देतात.

सहा वर्षांच्या पावरा मुलाने पहिलीत येताच मराठी समजून घ्यावी, असे आपण धरून चालतो. मग तिथे नेमणूक झालेल्या मास्तरांनी, तलाठ्याने, बँकेतल्या माणसाने पावरीतली शंभर वाक्ये शिकावीत, ही अपेक्षा जास्त कशी?