दिवस, साक्षी आणि कर्ता

माळव्यातील बागली हा आजच्या देवास जिल्ह्यातील लहानसा कसबा. १९५६ च्या ३१ ऑक्टोबरच्या रात्री तो मध्यभारत राज्यात निजला आणि १ नोव्हेंबरच्या सकाळी मध्य प्रदेशात जागा झाला. गाव होते तेथेच राहिले; राज्य तेवढे बदलले. त्याच दिवशी नागपूरचे राजधानीपद गेले आणि विदर्भ व मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. कारवार व बेळगाव मात्र मुंबईकडून म्हैसूरकडे गेली. एका तारखेस एका घरी दिवे लागले आणि शेजारच्या घरी डोळे पाणावले. कर्नाटकात हा दिवस राज्योत्सवाचा; बेळगावचे अनेक मराठी भाषिक तोच 'काळा दिन' म्हणून पाळतात.

दिनविशेष चाळणाऱ्यास याच तारखेखाली आणखीही नोंदी सापडतात. १८५८ साली अलाहाबादेस राणीचा जाहीरनामा वाचला गेला व कंपनीचे राज्य संपले. १९५४ साली पाँडिचेरीचा कारभार फ्रेंचांकडून भारताकडे आला. १९६६ साली हरियाणा आणि २००० साली छत्तीसगड ही राज्ये झाली. ही मालिका पाहून भाविक मन सहज विचारते, या दिवसातच काही सामर्थ्य असेल काय?

वकिली पेशामुळे योगायोगास पुरावा मानण्याची आम्हांस सवय नाही. १९५६ च्या घटना एका दिवशी घडल्या, कारण राज्य पुनर्रचना कायद्याने तोच 'नियत दिवस' ठरविला होता. त्या सर्वांमागे एकच लेखणी होती. उरलेल्यांचे साम्य केवळ इंग्रजी तारखेचे. पंचांग उघडावे, तर १८५८ साली तो दिवस कृष्णपक्षात पडतो आणि १९५४ साली शुक्लपक्षात.

मग काळाचे स्मरण व्यर्थ म्हणावे काय? तसे आम्हांस वाटत नाही. देवापुढे बसून आपण संकल्प सोडतो, तेव्हा संवत्सर, मास, तिथी, वार, नक्षत्र या सर्वांचा उच्चार करतो. परंतु संकल्प पुरा होतो तो 'करिष्ये' या शब्दाने. काळास आपण साक्षीला बोलावतो. कर्तेपण आपल्या माथी घेतो. 'दिवसच वाईट होता' असे म्हणणारा मनुष्य साक्षीदारालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो आणि स्वतः मागल्या दाराने निघून जातो. यशाचे श्रेय मुहूर्तास देणाराही, ज्यांनी कष्ट केले त्यांचे ऋण बुडवितो.

साक्षीदाराचा धर्म मात्र आपणही शिकावा. तो एकाच पक्षाचे पाहत नाही. ज्या तारखेस आपण तोरण बांधतो, त्याच तारखेस शेजारी मूक का, हे विचारल्यावाचून आपला उत्सव पुरा होत नाही. बागलीत दिवा लावणाऱ्यास बेळगावची आठवण असावी, आणि बेळगावच्या मराठी मनुष्यानेही पलीकडच्या अंगणातील आनंद खोटा मानू नये. तारीख दोघांची एकच. तिची नोंद पुरी करणे हे दोघांचेही कर्तव्य आहे.