दोघांची होडी

आमचं लग्न झालं त्या वर्षीची, १९८३ सालची गोष्ट. गेवराई तालुक्यात गोदाकाठच्या एका गावात बायकोची मावशी राहायची आणि मावशीच्या लेकीचं सासर नदीपलीकडं, जालना जिल्ह्यात होतं. पुलावरून जायचं तर फार मोठा फेरा पडायचा, म्हणून आम्ही होडीत बसलो. लग्न नवं होतं. साहजिकच दोघं एकमेकांना खेटून एकाच बाजूला बसलो आणि होडी कलली. म्हातारा नावाडी वल्ह्यावरचा हात न काढता म्हणाला, "पाव्हणं, एकजण हिकडं बसा, एकजण तिकडं. दोघांनी एक होऊन होडी चालत न्हाई." बायको लाजून समोर जाऊन बसली. होडी सरळ झाली. पलीकडं पोचेपर्यंत आम्ही समोरासमोर बसून एकमेकांकडं पाहत होतो.

नावाड्याचं ते बोलणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं. चाळीस वर्षांत ते अनेकदा आठवलं आणि दर वेळी त्याचा अर्थ थोडा अधिक जड होत गेला.

आपल्याकडं नवरा-बायकोला 'हमसफर' म्हणतात. शायरीनं हा शब्द इतका घासला आहे की त्याच्याकडं कुणी नीट पाहत नाही. फारसीतला 'हम' आणि संस्कृतातला 'सम' हे एकाच कुळातले शब्द. हमसफर म्हणजे सोबत चालणारा, आणि बरोबरीनं चालणाराही. पण सोबत असणं आणि बरोबरीनं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बैलाच्या शेजारी जुंपलेला बैलही सोबतच चालतो. मग दोन माणसांच्या सफरीत सोबत कुठं संपते आणि जू कुठं सुरू होतं, हा प्रश्न उरतोच.

जोडप्याच्या जलप्रवासाची एक प्रसिद्ध हकीकत इंग्लंडमध्ये घडली आहे. टॉम रोल्ट हा लेखक आणि त्याची बायको अँजेला यांनी १९३९ च्या जुलैत लग्न केलं आणि 'क्रेसी' नावाच्या लाकडी नावेतून ते कालव्यांच्या प्रवासाला निघाले. क्रेसी मूळची मालवाहू नाव. तिच्यात त्यांनी राहायची सोय करून घेतली होती. अशी नाव जेमतेम सात फूट रुंद असते आणि माणसाच्या पायी चालण्याच्या वेगानं जाते. चढाच्या जागी पाण्याचा जिना केलेला असतो. नाव दोन दारांच्या मध्ये कोंडायची, पाणी भरू द्यायचं, नाव वर उचलली गेली की पुढचं दार उघडायचं. तिथं एकानं नाव सांभाळावी आणि दुसऱ्यानं काठावर उतरून दारं चालवावीत, अशी कामाची वाटणी असते. ते प्रवासात असतानाच दुसरं महायुद्ध सुरू झालं. रोल्टचं या प्रवासावरचं 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ साली आलं, ते लोकांना इतकं आवडलं की मोडकळीला आलेले कालवे वाचवण्याची चळवळ त्यातून उभी राहिली. ते जोडपं मात्र १९५१ साली वेगळं झालं. हे मी दुःखानं सांगत नाही. ज्या दोघांना एकत्र निघण्याची मुभा होती, त्यांना वेगळं होण्याचीही होती, एवढंच यातून दिसतं.

पण त्याच कालव्यांवर रोल्ट दांपत्याच्या शंभर वर्षं आधीपासून दुसरी जोडपी राहत होती, त्यांच्या सफरीची कहाणी वेगळी आहे. १८४० नंतर रेल्वे आली, मालाचे दर पडले. नाव चालवणाऱ्याला घराचं भाडं परवडेना, सोबतीच्या गड्याची मजुरी परवडेना. त्यानं घर सोडलं आणि बायकामुलांना नावेवर आणलं. दहा फूट लांब, सात फूट रुंद खोपटात अख्खं कुटुंब राहू लागलं. बायको सुकाणू धरायची, दारं उघडायची, स्वयंपाक करायची, तिथंच बाळंत व्हायची. मजुरी खेपेवर किंवा टनावर मिळायची आणि ती नवऱ्याच्या हातात पडायची. बायको हा बिनपगारी गडी होता. जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसानं यावर रान उठवलं तेव्हा १८७७ साली कायदा झाला. खोपटात किती माणसं राहावीत याला मर्यादा आली, पोरांच्या शाळेचा विचार झाला. बायकोच्या मजुरीचा विचार त्या कायद्यात नव्हता.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. टनावर मजुरी, दोघांचं काम, एकाचं नाव, खोपटातला संसार आणि शाळा सुटलेली पोरं हे सगळं माझ्या ओळखीचं होतं. माझी उभी नोकरी पाटोदा तालुक्यातल्या शाळेत गेली.

आमच्या बीड जिल्ह्यात कालवा नाही असं नाही. पैठणचा उजवा कालवा १३२ किलोमीटर वाहत येऊन माजलगावच्या धरणाला मिळतो. पण बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांना त्याचा काय उपयोग? मांजरा नदी आमच्या तालुक्यात उगम पावते आणि आम्हाला कोरडं ठेवून पुढं जाते. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास गावंच्या गावं रिकामी होतात. माणसं ऊस तोडायला जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात.

माझ्या शेजारी एक चाचा-चाची राहत. पंचवीसेक वर्षं त्यांनी ही सफर केली. सुरुवातीला बैलगाडीनं, नंतर ट्रकनं. चाची गावांची नावं सांगत नसे, पाण्याची सांगे. आधी सीना, मग उजनीचं पाणी, मग भीमा, अकलूजला नीरा, पुढं कालव्याकाठचा फड, आणि एखाद्या वर्षी थेट कृष्णा. "हमारा क्या सर," ती म्हणायची, "पानी के पिच्छे पिच्छे." नदी, तलाव, कालवा असं सगळं तिच्या प्रवासात होतं, फक्त होडी नव्हती. ज्या पाण्याच्या मागं ती जायची, त्यातलं रोजचं पिण्याचं पाणीसुद्धा कोपीपर्यंत डोक्यावरून आणावं लागे.

या प्रवासात नवरा-बायकोला एक नाव आहे, 'कोयता'. कोयता म्हणजे हत्यार नव्हे, जोडपं. मुकादम टोळी बांधताना माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. वीस कोयत्यांची टोळी म्हणजे चाळीस माणसं. उचल कोयत्याला मिळते, ती नवरा घेतो. फडात दोघं तोडतात, मोळ्या बांधतात, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवतात. दिवसाला दीड-दोन टन. पहाटे भाकऱ्या थापायला बाई आधी उठते आणि रात्री सगळ्यांनंतर झोपते. हिशेब मात्र एका कोयत्याचा. एकटा माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'. या मोजणीची सावली घरापर्यंत येते. पोराचा कोयता पूर्ण व्हावा म्हणून त्याचं लग्न लवकर उरकतात, म्हणजे कुणाची तरी पोरगी शाळेतून उठते. पटावरच्या अशा किती मुलींच्या नावांपुढं मी 'सतत गैरहजर' लिहिलं असेल!

एका हंगामात चाचा फडावर आजारी पडले. चाची एकटीच तोडू लागली. मुकादमानं तिला अर्धा कोयता धरलं. महिन्यानं हिशेब झाला, तेव्हा मजुरी अर्ध्याची निघाली, पण उचलीची फेड पूर्ण कोयत्याची. चाचांच्या प्रत्येक आजारी दिवसाचा खाडा वेगळा. कमाईला ती अर्धी होती आणि कर्जाला पूर्ण. पुढचे दोन हंगाम त्यांनी तो फरक फेडला.

खाड्याची ही भीती बाईच्या शरीरापर्यंत कशी पोचते, ते २०१९ साली सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. बीड जिल्ह्यातल्या ऊस तोडणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यामागं कारणं अनेक होती. डॉक्टरांची होती, अज्ञानाची होती, गरिबीची होती. पण जिथं बाईचं दुखणं तिचं एकटीचं राहत नाही, अख्ख्या कोयत्याचा खाडा होतं, तिथं दुखणारा अवयवच काढून टाकावा असं तिला वाटणं, हेही त्यातलं एक कारण आहे. दोघांना एक मोजण्याची किंमत दोघांनी सारखी भरली नाही.

इथं कुणी विचारील की, यात चूक नेमकी कुठं आहे? दोघं मिळून एकच संसार करतात. पैसा एकाच चुलीवर खर्च होतो. मग त्यांना एक मोजलं तर बिघडलं काय? मी एकदा चाचीलाच विचारलं होतं, की तुझी मजुरी वेगळी मिळायला पाहिजे असं वाटत नाही का? ती हसली. "हमे दो कहाँ सर, एकच तो हैं." या उत्तराला मी अडाणीपणा म्हणणार नाही. चाचा आजारी असताना तिनं दिवसा ऊस तोडून रात्री त्यांचे पाय चेपलेले आहेत. तिच्या 'एकच' या शब्दात एक अख्खी जिंदगी होती. मुकादमाच्या वहीतही तोच 'एक' लिहिलेला होता. शब्द तोच, आकडा तोच, तरी एक प्रेम आणि दुसरी लूट, हे कसं?

माझ्यापुरतं मला असं वाटतं, 'आम्ही एक आहोत' हे म्हणण्याचा हक्क फक्त त्या दोघांचा आहे. तिसऱ्यानं त्यांना दोनच मोजलं पाहिजे. आपली वेगळी भाकरी ज्याच्या हातात आहे तो ती दुसऱ्याच्या ताटात ठेवू शकतो. भाकरी हातात येण्याआधीच कुणी एकत्र करून टाकली, तर मग द्यायला उरतं काय? चाचीनं आयुष्यभर दिलं, पण ती देते आहे याची नोंद कुठंच झाली नाही, कारण जे तिनं दिलं ते तिचं होतं हेच कुणी मानलं नव्हतं.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात नवरा-बायको ही एकच व्यक्ती मानली जाई आणि व्यवहारात ती व्यक्ती म्हणजे नवरा असे. तिथल्या लग्न झालेल्या बाईला स्वतःची मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवण्याचा पुरता हक्क १८८२ च्या कायद्यानं मिळाला. आपल्याकडं निकाहात दोघांची कबुली वेगवेगळी घेतात. मेहेर तिची, तिची कमाई तिची, वारसानं आलेलं तिचं. म्हणजे गाठ बांधतानाच दोन माणसं मोजली जातात. पण हे अभिमानानं सांगताना माझी जीभ अडखळते. आपल्यापैकी किती जणांनी मेहेर खरोखर हातात दिली आणि किती जणांनी ती 'माफ' करून घेतली? वहीत एक लिहिणारा मुकादम फक्त फडावर असतो असं नाही.

आणि आता माझा स्वतःचा हिशेब. चाचांना लिहिता-वाचता येत नव्हतं. उचल घेताना मुकादमाला चिठ्ठी लिहून द्यावी लागे आणि ती मी लिहीत असे. सुंदर अक्षरात, एकही चूक न करता. 'मी, अमुक, एवढी रक्कम उचल घेतली असून माझा एक कोयता हंगामभर कामावर राहील.' शेजारधर्म म्हणून दरवर्षी मी ते वाक्य लिहिलं. 'माझा एक कोयता' या तीन शब्दांत चाची होती, हे मला एकदाही खटकलं नाही. होडीत बायकोला समोर बसवून नदी ओलांडलेला मी, शिकलेला, पुस्तकं वाचणारा. माझं घर बांधून झालं तेव्हा तेही मी एकट्याच्याच नावावर केलं होतं. बायकोनं म्हशी सांभाळून, दूध घालून त्यात पैसे टाकले होते. तिनं काही म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. गेल्या वर्षी तिचं नाव लावलं. कागद हातात घेऊन ती म्हणाली, "आता कशाला?" त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

चाचा गेले. चाची आता सुनेकडं असते. ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं देण्याचं काम अलीकडं सुरू झालं, त्यात तिच्या मुलाला आणि सुनेला वेगवेगळी कार्डं मिळाली. चाचीनं ती मला दाखवायला आणली. सुनेच्या कार्डावर बोट ठेवून तिनं नाव वाचून घेतलं. दोनदा वाचून घेतलं. उचल अजून मुलाच्याच नावावर निघते, हे तिला माहीत आहे, मलाही माहीत आहे.

जाताना दारात थांबून ती म्हणाली, "सर, तुम वो कागद लिखते थे ना, उसमें मेरा भी नाम लिखते थे क्या?"

मी खोटं बोलू शकलो असतो. तिला वाचता येत नाही आणि ते कागद आता कुठंच नाहीत.

"नाही चाची," मी म्हणालो. "नव्हतो लिहीत."

तिनं मान हलवली आणि कार्ड पदराच्या गाठीत बांधलं.