सांगणारा भाचा आणि ऐकणारा सरदार

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 23:11–24



बारामतीस 1962 साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले व 1972 साली विद्या प्रतिष्ठान स्थापन झाले, तेव्हापासून बारामती व इंदापूर तालुक्यांतील गरीब घरांसही उच्च शिक्षणाचे दार जवळ आले. आज आपल्या मंडळ्यांतील मुले कोणी एस.टी.ने बारामतीस जातात, तर कोणी पुण्यामुंबईस वसतिगृहात राहतात. पुष्कळ घरांतून महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच मूल असते.

असे मूल सुटीत घरी येते, पण धड जेवत नाही, बोलत नाही. परत जाण्याचा दिवस आला की त्याच्या पोटात कळ उठते. अखेर ते आईजवळ सांगते की, वरच्या वर्गातील मुले रात्री खोलीवर बोलावून उभे करतात व जातीवरून, बोलीवरून हिणवतात. यास तेथे रॅगिंग म्हणतात. तेव्हा आपण बहुधा काय म्हणतो? “बाळा, सोस. प्रभूनेही सोसले.” हे उत्तर भक्तीचे दिसते, परंतु आपले अंतःकरण शोधून पाहिले तर ते भीतीचे असते. फी भरलेली आहे, प्रवेश जाईल, मोठ्या लोकांशी वैर नको, अशी ती भीती होय.

आता पौलाकडे पाहा. तो यरुशलेमातील गढीत कैदेत होता. त्याला मारल्यावाचून अन्नपाणी घेणार नाही, अशी चाळिसांहून अधिक माणसांनी शपथ वाहिली. ही मसलत त्याच्या बहिणीच्या मुलाला कळली. तो तरुण गप्प बसला नाही. गढीत जाऊन त्याने मामाला सर्व सांगितले. आदल्याच रात्री प्रभूने पौलाजवळ उभे राहून, त्याला रोमातही साक्ष द्यायची आहे, असे आश्वासन दिले होते. तरी “देव पाहून घेईल” असे म्हणून पौलाने भाच्याला परत पाठविले नाही. त्याने शताधिपतीस बोलावून त्याला सरदाराकडे धाडले. सरदाराने काय केले? त्याने मुलाचा हात धरला, त्याला एकीकडे नेले व काय सांगायचे आहे ते विचारले. त्याने ती गोष्ट गुप्त ठेवविली आणि त्याच रात्री दोनशे शिपाई, सत्तर स्वार व दोनशे भालेकरी देऊन पौलाला सुखरूप रवाना केले.

यावरून दिसते की, अन्याय अधिकाऱ्यास सांगणे हा विश्वासाचा अभाव नव्हे. दुसरा गाल पुढे करणे ही ज्याला मार बसला त्याने स्वतः पत्करण्याची गोष्ट आहे. दुसऱ्याच्या लेकराचा गाल पुढे करण्याचा अधिकार प्रभूने आपणांपैकी कोणासही दिलेला नाही.

जळगावच्या आदिवासी घरातील डॉ. पायल तडवी मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असता 22 मे 2019 रोजी त्यांच्या जीवनाचा शोचनीय अंत झाला. वरिष्ठांनी जातीवरून त्यांचा छळ केला व आपण आधी सांगूनही कोणी लक्ष दिले नाही, असे घरच्यांचे म्हणणे आहे. दोष ठरविणे हे न्यायालयाचे काम. पण एका दारी ऐकले नाही तर दुसरे दार ठोठावलेच पाहिजे, हा बोध आपण घ्यावा.

आणि दारे आहेत. महाराष्ट्रात 1999 सालापासून रॅगिंगला मनाई करणारा कायदा आहे. तक्रार आली म्हणजे संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी, तथ्य आढळल्यास त्या विद्यार्थ्यास निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवावी, असे त्यात आहे. प्रमुखाने दुर्लक्ष केल्यास तोही अपराधास साहाय्य करणारा मानला जातो. गुन्हा शाबीत झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात रॅगिंगविरोधी समिती असावी लागते. आणि 1800-180-5522 या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य तक्रार सांगता येते. मुलाचे मन फारच खचले असेल, तर 14416 या क्रमांकावर मनाच्या आजाराचे जाणते लोक बोलतात. आणि अशा मुलास क्षणभरही एकटे सोडू नये.

उपदेशकबंधूंनो, आपल्या गावी तो सरदार आपणांसच व्हावे लागेल. मुलाचा हात धरा, एकीकडे न्या, विचारा, आणि त्याची गोष्ट मंडळीच्या ओट्यावर नेऊ नका. कोणी केव्हा काय केले, ते तारीखवार लिहून घ्या. अडाणी बापाला प्राचार्यांच्या दारी एकट्याने उभे राहण्याचे धैर्य होत नाही, म्हणून त्याच्याबरोबर जा. अर्जाची एक प्रत पोच घेऊन आपल्याजवळ ठेवा.

आणखी एक गोष्ट. आपले मूल दुसऱ्या वर्षास गेले म्हणजे तेही कोणास छळत नाही ना, हेही विचारा. ज्याने काल मार खाल्ला, तोच आज मारावयास उठतो, असे पुष्कळदा घडते.

त्या भाच्याचे नावही शास्त्रात लिहिलेले नाही. पण तो बोलला व त्याचे ऐकले गेले, म्हणून पौल वाचला. ह्या रविवारी घरी गेल्यावर आपल्या मुलास जवळ बसवा, “तुझे तेथे कसे चालले आहे?” असे विचारा, आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत गप्प राहा. प्रभू आपणांस ऐकणारे कान देवो. आमेन.