उंबऱ्यावरचा करार

आमच्या मावळात करार म्हटलं की आधी साठेखत आठवतं. नवलाख उंबरे, आंबी या पट्ट्यात एमआयडीसीसाठी जमिनी गेल्या तेव्हापासून विसार, खरेदीखत, सातबारा हे शब्द पोरांच्याही तोंडी आहेत. एकानं शब्द मोडला की व्यवहार फिसकटला, एवढं त्यातलं तत्त्वज्ञान. मराठी बायबलनं नेमका हाच शब्द घेतलाय, 'जुना करार'. पण तिथला, देव आणि इस्रायली लोक यांच्यातला, व्यवहार या हिशेबात बसत नाही. लोकांच्या पक्षानं वारंवार शब्द मोडला, इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पडलं, मंदिर जळालं, लोकांना बाबेलला नेलं. संदेष्ट्यांनी याला शिक्षा म्हटलं. करार बुडाला असं मात्र म्हटलं नाही.

यिर्मया संदेष्ट्यानं त्या बंदिवानांना पत्र पाठवलं होतं. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याचं भलं चिंता. सत्तर वर्षं भरली की देव परत आणील. यातली परतीची ओळ सगळ्यांना पाठ असते. बागांची कुणाला आठवत नाही. देवाचं इमान फक्त परतीवर जोखायचं, तर मधली सत्तर वर्षं त्यानं पाठ फिरवली होती असं मानावं लागेल. मला ते पटत नाही.

कारण आपल्याकडे कोकणात बेने इस्रायल हे यहुदी आहेत. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही त्यांची आठवण. पोथ्या हाती नव्हत्या. उरलं ते शमा हे प्रार्थनावचन, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवारचा खाडा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. आडनावंही गावांनीच दिली: किहीमकर, पेणकर, दिवेकर. नवस फेडायचा तर मलिदा, म्हणजे गोड पोहे, खोबरं, फळं यांचं ताट, आणि एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचं, स्मरण. यिर्मयाचं पत्र जवळ नसताना ही माणसं त्या पत्राबरहुकूम राहिली. हा योगायोग म्हणायचा की करार पाळला जाणं, ते ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर; मी दुसऱ्या बाजूला झुकतो.

१९४८ नंतर इस्रायलला परतीची वाट उघडली आणि बहुतेकजण गेले. तिथं गेल्यावर काय झालं? १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या लग्नांआधी पूर्वजांची चौकशी सुरू केली. ज्यांनी शेकडो वर्षं शनिवार मोडला नाही, त्यांना विचारलं गेलं की तुम्ही यहुदीच कशावरून? धरणं धरावं लागलं. १९६४ मध्ये इस्रायलची संसद त्यांच्या पाठीशी उभी राहिली, तेव्हा ते निवळलं.

पण हेही जुनंच. एज्राच्या पुस्तकात बाबेलहून परतलेल्यांच्या याद्या आहेत, आणि त्यात काही याजकांची घराणी अशी, की वंशावळीत नाव सापडेना म्हणून त्यांना याजकपणातून वगळलं. देवानं वाट उघडली, वेशीवर कागद मागणारी माणसंच होती. (तलाठ्याच्या दारात वारसनोंदीसाठी उभं राहिलेल्याला हे वेगळं समजावायला नको.) मंदिराचा पाया पुन्हा घातला तेव्हा अनेकजण जल्लोष करत होते आणि जुनं मंदिर पाहिलेले म्हातारे रडत होते, कुठला आवाज कशाचा हे कळत नव्हतं, असं एज्रा नोंदवतो. परतीचं इतकं प्रामाणिक वर्णन मी दुसरं वाचलेलं नाही. बेने इस्रायलांनी इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं, त्यातही मला ते दोन्ही आवाज ऐकू येतात.

अलिबागकडच्या एका गावात इस्रायलला गेलेल्या अशाच एका कुटुंबाचं बंद घर पाहिलं. दाराच्या चौकटीवर उजव्या बाजूला बोटभर लांबीचा तिरपा, फिकट डाग आणि खिळ्यांची दोन भोकं. तिथं मेझुझा, म्हणजे यहुदी घराच्या दारावरची प्रार्थनावचनाची डबी, होता. जाताना काढून नेला. किल्ली शेजारच्या काकींकडे.

"त्यांची लेक येते अधूनमधून तिकडनं," काकी म्हणाल्या. "आली की आधी त्या डागाला बोटं टेकवते, मग कुलूप काढते."

"आणि जाताना?"

"कांदे नेते. पांढरे. माळच बांधून ठेवते मी."