किनारा नसलेलं पाणी

१९९४ साली ‘ब्राइस’ हे निसर्गदृश्यं घडवणारं सॉफ्टवेअर आलं. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ब्राइस कॅनियनचं नाव त्याला दिलेलं. त्यात डोंगर करता यायचे, पण मला आजही विचारात पाडतात ती त्यातली अंतहीन प्रतलं: जमीन, पाणी, ढग. बटण दाबलं की क्षितिजापर्यंत पाणीच पाणी.

मुळात ही तिन्ही एकच वस्तू. पोत वेगळा, उंची वेगळी, एवढाच फरक. आणि डोंगरापेक्षा ती कितीतरी हलकी! डोंगर साठवायला उंचीचे लाखो आकडे लागतात. अनंत प्रतलाची उंची आणि कल सांगितला की झालं. चित्र काढताना डोळ्यातून निघाला असं मानलेला किरण त्याला कुठे भेटतो, हे एक समीकरण सांगतं.

एवढ्या जमिनीवर पांघरायला फोटो पुरत नाही. पुन्हापुन्हा तोच दगड दिसू लागतो. म्हणून रंग साठवायचाच नाही, त्या त्या जागेच्या निर्देशांकांवरून तिथल्या तिथे काढायचा. संगणकशास्त्रज्ञ केन पर्लिन यांचं ‘नॉइज’ हे सूत्र इथे कामी येतं. त्यासाठी त्यांना १९९७ साली ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

खऱ्या समुद्राचं क्षितिज मात्र पृथ्वीच्या गोलाईतून येतं. वाळूत उभ्या माणसाला ते जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं. परतणाऱ्या गलबताची आधी डोलकाठी दिसते, मग धड. प्रतलावरचं गलबत पाण्याआड जातच नाही, नुसतं लहान होत राहतं. पुढे ‘टेराजेन’ या तशाच सॉफ्टवेअरने सपाट प्रतलाऐवजी अख्खा ग्रहच पायाला घेतला. तो बदल मला फार मोलाचा वाटतो.

तरी खरी कसोटी किनाऱ्याची. प्रतलावरच्या लाटा हा उजेडाचा भास असतो, पाणी सपाटच. त्यामुळे ते डोंगराला सुरीने कापल्यासारखं छेदतं. फेस नाही, शेवाळ नाही, भरती ओसरल्यावर मागे राहणारी ओली रेघ नाही. क्षणात मिळालेल्या समुद्राला हातभर ओली वाळू जोडायला कलाकाराला दिवसच्या दिवस बसावं लागतं, आणि त्याची माया दिसते ती तिथेच.

असं चित्र समोर आलं तर आकाश सावकाश बघा. आधी पाणी जमिनीला टेकतं तिथे नजर न्या.